आईच्या घरी बसवलेला सेन्सर संच: माल चांगला, कात्री बोथट

संक्रांत झाली आणि पुण्याहून ताईचा फोन आला: "आता बास, आईच्या घरी काहीतरी बसव." आई ८१ वर्षांची. इंदूरला रामबागेतल्या जुन्या घरात एकटी राहते आणि माझ्याकडे विजयनगरच्या फ्लॅटमध्ये यायला तयार नाही. अंतर फार नाही, पण संध्याकाळी मालवा मिलच्या चौकात अडकलं की पाऊण तास कुठे गेला कळत नाही. कॅमेऱ्याचं नाव काढताच आई म्हणाली, "मी काय बँक आहे का?" तो विषय तिथेच संपला.

मग घरातली हालचाल टिपून मोबाईलवर कळवणारा बिनकॅमेऱ्याचा संच शोधला. किंमत १८,५०० रुपये, शिवाय दरमहा ४९९. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हाच पांढरा डबा बाजारात तीन-चार नावांनी विकला जातो आणि आतलं सॉफ्टवेअरही जवळपास सारखंच दिसतं. मी पीथमपूरला कारखान्यात ३१ वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली, त्यामुळे डबा उघडून बघायची खोड आहे. चार महिने वापरून झाले, आता लिहायला हरकत नाही.

संचात अकरा नग आले. सात हालचाल टिपणारे, चार दाराचे. दाराचा सेन्सर म्हणजे एका बाजूला लोहचुंबक, दुसऱ्या बाजूला काचेच्या नळीतला छोटा स्विच. दार मिटलं की चुंबक जवळ येतं आणि स्विच जुळतो. यात बिघडण्यासारखं काहीच नाही. आम्ही ते पुढचं दार, मागचं दार, फ्रिज आणि औषधांचं कपाट यांना लावले. हालचालीचे सात ओसरी, माजघर, झोपायची खोली, बोळ, न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि देवघर इथे. हे सेन्सर माणूस बघत नाहीत, उष्णता बघतात, तीही सरकणारी. गरम अंग एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेलं की नोंद होते. स्वस्थ बसलेला माणूस यांच्या लेखी घरात नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनेच घोळ घातला.

बसवायला आलेला मुलगा चुणचुणीत, दोन तासांत काम आटोपून गेला. जाताना दुतर्फा टेपवर सगळा भार टाकून गेला. जुन्या भिंतीच्या डिस्टेंपरवर ती टेप आठवडाभर टिकली. रात्री बोळातला नग पडला तेव्हा आईला वाटलं पाल पडली. मी ड्रिल घेऊन गेलो आणि सगळे स्क्रूने बसवले. दुसरी गोष्ट: जुन्या घराच्या खोल्या एकीमागे एक, मधे दारं नाहीत. माजघरातला सेन्सर थेट स्वयंपाकघरापर्यंत बघत होता. त्याच्या भिंगाच्या उजव्या अर्ध्या भागावर इन्सुलेशन टेप चिकटवली आणि प्रश्न मिटला. हे त्या मुलाने करायला हवं होतं.

बॅटऱ्या सीआर २०३२, नाण्याएवढ्या, कुठेही मिळतात. चार महिन्यांत फक्त फ्रिजची संपली. आई फ्रिज किती वेळा उघडते ते मला त्यावरून कळलं. मुख्य डब्याला मात्र वीज लागते आणि त्यात बॅटरी नाही. वीज गेली की संच आंधळा. इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, आणि राउटरही त्याच लाइनवर.

इथपर्यंत पाचपैकी साडेतीन म्हणालो असतो. खरी गंमत मोबाईलवर येणाऱ्या रोजच्या अहवालात आहे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वासहाला ताईचा पुण्याहून फोन. रात्रीच्या अहवालात लिहिलं होतं: रात्रीची अस्वस्थता, २ तास ५५ मिनिटं. मी गाडी काढून रामबागेत पोहोचलो तर आई ओसरीवर भाजी निवडत होती. म्हणाली, "मेल्यासारखी झोपले होते रे. एकदा उठले फक्त." मी मुख्य डब्यातली कच्ची नोंद काढली. (ही सोय सेटिंगच्या चौथ्या पानावर लपवून ठेवली आहे, मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.) नोंद अशी होती:

२:४१ झोपायची खोली. २:४२ बोळ. २:४३ न्हाणीघर. २:४७ बोळ. २:४८ झोपायची खोली. पुढे काही नाही, शांतता. मग ५:३२ झोपायची खोली, ५:३३ बोळ, ५:३४ स्वयंपाकघर, ५:३५ फ्रिजचं दार उघडलं-मिटलं, ५:३६ पुन्हा स्वयंपाकघर.

प्रत्येक ठिकाणच्या दोन नोंदी होतात, सुरू आणि बंद. दहा ठिकाणच्या वीस. आणि सॉफ्टवेअर नेमक्या वीस-वीस नोंदींचे गठ्ठे बांधत होतं! एका गठ्ठ्याला एक नाव. रात्रीचं न्हाणीघर आणि पहाटेचा चहा एकाच गाठोड्यात गेला, मधली पावणेतीन तासांची झोप त्यातच बांधली गेली आणि त्या सगळ्याला नाव मिळालं 'अस्वस्थता'. सेन्सरने एकही चूक केलेली नव्हती. चूक कापण्यात होती.

दिवसा उलट. पोळ्यांच्या बाई आल्या की त्या आणि आई मिळून स्वयंपाकघरात वीस नोंदी चार-पाच मिनिटांत पाडतात. त्यामुळे अहवालात 'आज ९ वेळा स्वयंपाक'. ताईने काळजीने विचारलं, "नऊ वेळा कसला स्वयंपाक करते ती?" काय सांगणार.

मी कंपनीला पत्र लिहिलं, नोंद जोडली. बसवायला आलेल्या मुलालाही फोन केला. तो म्हणाला, "अंकल, एआय है, सीख जाएगा." शिकेल ना बाबा, पण चुकीचे कापलेले तुकडे समोर ठेवून शिकवलंस तर ते तुकडेच शिकेल.

महेश्वरला मागावर एकाच ताण्यावर अनेक साड्या सलग विणतात. नंतर कापताना कारागीर पदर कुठे संपला ते बघतो आणि तिथे कात्री लावतो. उद्या कोणी म्हणालं की बघत बसू नका, दर ठरावीक हातावर कापा, तर निम्म्या साड्यांचा पदर मधोमध येईल. धागा तोच, रंग तोच, पण नेसणार कशी? आईचा दिवस हा असा सलग ताणा आहे. सेन्सर धागा बिनचूक देतात. पदर ओळखायचं काम सॉफ्टवेअरचं, आणि तिथेच सगळं घोडं अडतं.

मार्चमध्ये सुधारित आवृत्ती आली. आता गठ्ठे नाहीत, घड्याळ: दर मिनिटाला एक काप. रात्रीचा गोंधळ त्याच दिवशी थांबला. २:४१ ते २:४८ वेगळं, पहाट वेगळी. मी खूश झालो. मग पूजेची पाळी आली.

आईची सकाळची पूजा सरळ रेषेत कधीच होत नाही. कुकर लावायचा, देवाला स्नान घालायचं, शिट्टी झाली की उठून गॅस बारीक करायचा, परत येऊन गंध लावायचं, दुधाची आठवण झाली की पुन्हा उठायचं, मग आरती. हे सगळं मिळून एक काम आहे की दोन, हे आईलाही सांगता येणार नाही. मिनिटा-मिनिटाच्या कापात त्याचा चिवडा झाला. एक मिनिट देवघर, एक मिनिट स्वयंपाकघर, आणि मधली कित्येक मिनिटं रिकामी, कारण ती स्थिर बसलेली. अहवाल: पूजा ४ मिनिटं, इतर ३८ मिनिटं.

हे 'इतर' प्रकरण गंमतीशीर आहे. जे नावात बसत नाही ते 'इतर'मध्ये. काही दिवशी आईचा निम्माअधिक दिवस 'इतर' होता. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला हे दाखवू नका. आमची म्हणाली, "म्हणजे मी दिवसभर काहीच करत नाही असं म्हणतं का ते?"

त्याच महिन्यात एकादशीला आई विष्णुसहस्रनाम आणि मग जपाला बसली. चाळीस मिनिटं सलग रिकामे काप मोजून यंत्राने इशारा दिला: हालचाल नाही. माझा फोन वाजला, ताईचा वाजला, आणि शेजारच्या वहिनींचाही वाजला, कारण किल्ली त्यांच्याकडे असते. वहिनी हातातलं लाटणं टाकून धावत आल्या. आई पाटावर, डोळे मिटलेले, हातात माळ. वहिनींनी घाबरून हाक मारली. आईने डोळे उघडले, जपात बोलायचं नाही म्हणून बोटाने 'बस' अशी खूण केली आणि डोळे पुन्हा मिटले. वहिनी उरलेली माळ होईपर्यंत पिठाच्या हातांनी समोर बसून राहिल्या. मी पोहोचलो तेव्हा दोघी चहा पीत होत्या आणि माझ्याकडे अशा बघत होत्या जणू यंत्र मीच आहे.

माझी भाची इथेच एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात एम.टेक. करते. ती म्हणाली, "मामा, हे तुमच्या कंपनीचं एकटीचं दुखणं नाही, या विषयातलं जुनंच दुखणं आहे." मग तिने मला दोन रविवार वर्ग दिला. २००८ साली ॲमस्टरडॅममध्ये व्हॅन कास्टेरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका २६ वर्षांच्या एकट्या राहणाऱ्या तरुणाच्या घरात १४ सेन्सर लावले होते. दारं, कपाटं, फ्रिज, संडासाचा फ्लश असे. २८ दिवसांत २,१२० नोंदी आणि २४५ कामं. तो तरुण स्वतः कानाला हेडसेट लावून प्रत्येक काम सुरू झालं की बोलून नोंदवत होता. आणि त्यांनीही साठ सेकंदांचेच काप घेतले होते. आमच्या संचाची मिनिटाची कात्री अचानक ओळखीची वाटली. आईच्या घरी हालचालीचे सेन्सर धरून तेवढ्या नोंदी तीन दिवसांत होतात. तो पोरगा एकटा, न्याहारी करायची तर न्याहारीच करणार. कुकरची शिट्टी होईपर्यंत देवाला ताटकळत ठेवणार नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत डायन कुक यांचा गट वर्षानुवर्षं खऱ्या घरांतून हे करतो आहे. त्यातल्या एका घरात एक बाई एकटी राहायची, मुलं-नातवंडं येऊन जायची. नोव्हेंबर २०१० ते जून २०११ असं सात महिने घर सेन्सरखाली होतं. हे ऐकून मला बरं वाटलं, हे आमच्यासारखं घर. त्याच गटातल्या नारायणन कृष्णन आणि कुक यांनी २०१४ मध्ये यावर एक तोड मांडली, आणि ती मला कारखान्यातल्या माणसाच्या डोक्यात लगेच बसली. नोंदींची खिडकी, म्हणजे शेवटच्या ठरावीक नोंदींचा गठ्ठा, ठेवा, पण खिडकीतल्या सगळ्या नोंदींना सारखा भाव देऊ नका. ताजी नोंद पूर्ण वजनाची. तिच्यामागे जितका वेळ गेला तितकं जुन्या नोंदीचं वजन उतरवत न्या. तीन तासांपूर्वीचं न्हाणीघर जवळजवळ शून्यावर येतं. दुसरं, कोणते सेन्सर एकमेकांच्या सोबतीने वाजतात ते आधी मोजून ठेवा. स्वयंपाकघर आणि फ्रिज नेहमी जोडीने, पण फ्रिज आणि न्हाणीघर क्वचित. म्हणजे फ्रिज वाजल्यावर खिडकीत चुकून न्हाणीघर आलं तर त्याचं फारसं ऐकायचं नाही. तिसरं, आधीच्या खिडकीत काय चाललं होतं तेही सोबत द्या. आणि 'इतर'ला कचरापेटी न मानता तोही एक प्रकार म्हणून शिकवा.

हे सगळं मी दुसऱ्या पत्रात लिहून पाठवलं. तीन आठवडे काही नाही. मग एका तरुण इंजिनिअरचा फोन आला, अर्धा तास बोलला, नोंदी मागितल्या. कंपनीला द्यायचं तेवढं श्रेय द्यायला हवं: एप्रिलच्या मध्यात तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यात काळाप्रमाणे वजन उतरवणं आलं होतं. माझ्या पत्रामुळे की आधीच तयारी होती, देव जाणे.

फरक पडला. रात्रीच्या फेऱ्या आता बरोबर येतात. मी दीड महिना रोज सकाळी आईला विचारून ताडून बघितलं, दोनदाच चुकलं. आणि याच मोजणीने एक काम केलं जे मी विसरणार नाही. एप्रिलच्या शेवटी फेऱ्या एक-दोनवरून चारवर गेल्या, सलग सहा रात्री. आई स्वतःहून कधी बोलली नसती. डॉक्टरांना अहवाल दाखवला. त्यांनी नुकतीच बी.पी.ची गोळी बदलली होती. नवी गोळी लघवी वाढवणारी, आणि आई ती जुन्या सवयीने रात्री जेवणानंतर घेत होती. "सकाळी घ्या," एवढंच ते म्हणाले. फेऱ्या पुन्हा दोनवर. अंधारात बोळातून चार वेळा जाणारी म्हातारी आई कुठल्या फेरीला पडेल याचा भरवसा नाही, त्यामुळे साडेअठरा हजार इथेच वसूल झाले म्हणायचे.

पण तक्रार उरतेच, आणि ती मोठी आहे. धोक्याचा इशारा आणि रोजचा अहवाल ही दोन वेगळी कामं आहेत. इशारा आत्ता हवा. पुढे काय होणार हे माहीत नसताना निर्णय घ्यायचा, तिथे चूक होणारच, ती मी माफ करतो. दिवसाचा अहवाल मात्र रात्री नऊला येतो. तोपर्यंत अख्खा दिवस हातात असतो. आई ७:१० ला देवघरातून उठली आणि ७:१२ ला परत आली, हे नऊ वाजता माहीत असतं, मग ७:१० ला पूजा संपली असं का लिहायचं? पुढचं-मागचं दोन्ही बघून शांतपणे पदर शोधा ना! हे लोक घाईच्या कामाची कात्रीच निवांत कामालाही वापरतात. मी फोनवर त्या इंजिनिअरला हेच म्हणालो. तो म्हणाला, "सर, अच्छा पॉइंट है." अजून बदल नाही.

दुसरं, घरात एकापेक्षा जास्त माणसं आली की संचाची मती गुंग होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आईकडे चाळीसेक बायका येऊन गेल्या. कैरीची डाळ, पन्हं, ओटीचे हरभरे, ओसरीपासून मागच्या अंगणापर्यंत नुसती ये-जा. सगळे सेन्सर एकाच वेळी वाजत होते, आणि यंत्र समजत होतं की हे सगळं एकच बाई करते आहे. अहवालात आईने संध्याकाळी दोन तासांत सहा वेळा घर सोडलं, अकरा वेळा स्वयंपाक केला आणि त्याच वेळी आंघोळही केली. ताईने तो अहवाल जपून ठेवला आहे. एक 'पाहुणे आहेत' असं बटण द्यायला काय हरकत होती? नाही. दोन मोटारी एकाच मीटरवर लावल्या तर आकडा कोणाचा, हे मीटरला विचारून उपयोग नसतो, पण निदान दोन आहेत एवढं तरी सांगता यायला हवं.

तिसरं, उन्हाळा. इंदूरला मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी पश्चिमेची भिंत अंगाएवढी तापते. सेन्सर जगतो तो अंग आणि भोवताल यांच्यातल्या फरकावर. फरकच उरला नाही तर त्याला दिसणार काय? भर दुपारी माजघरातली आई त्याला अधूनमधून दिसेनाशी व्हायची. उलट खिडकीचा उन्हाने तापलेला पडदा कूलरच्या वाऱ्याने हलला की त्याला माणूस वाटायचा. तो नग मी कूलर आणि खिडकी दोघांपासून दूर, पूर्वेच्या भिंतीवर नेला, तेव्हा निभावलं. पत्रकात याबद्दल अवाक्षर नाही. हे पत्रक लिहिणाऱ्याने मे महिना बहुधा एसीत काढला असावा.

घ्यायचा का? एकटी राहणारी व्यक्ती असेल, कॅमेरा नको असेल आणि रात्रीची काळजी असेल तर घ्या. एकत्र कुटुंबात पैसे घालवू नका. घेताना कच्च्या नोंदी तुम्हाला मिळतील हे लेखी घ्या, आणि नोंदी कंपनी किती दिवस ठेवते तेही विचारा; घरात कोण कधी उठतं-बसतं याची ही वहीच आहे. इशाऱ्याची मर्यादा चाळीस मिनिटांवरून बदलता येते, पण ती कंपनीकडून करून घ्यावी लागते. आम्ही देवघरापुरती दीड तास करून घेतली, वहिनींच्या आग्रहाखातर. माझे गुण पाचपैकी सव्वातीन. अहवालाची कात्री सुधारली तर चार देईन.

आईची एकच तक्रार आहे आणि तिचं कारण यातलं कुठलंच नाही. देवघरातल्या सेन्सरचा लाल दिवा दर हालचालीला लुकलुकतो, आरतीच्या वेळी निरांजनाच्या मागे नेमका डोळ्यांवर येतो. तो बंद करायची सोय कुठल्याच पानावर नाही. मी काळी टेप लावली आहे, पण गरमीने ती दर चार दिवसांनी सुटते.